डेटाबेस शिकायचाय : कोर्थ, नवाथे, की आधी रजिस्टर?

कावेरी_वाचनालय (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे नेहमी पाककृती आणि पुस्तकांच्या धाग्यांवर असते, तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. शिक्षण बी.कॉम. आणि नंतर ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग. आमच्याकडे चौदा हजारांच्या आसपास पुस्तकं आणि साडेसहाशे सभासद. दाखल रजिस्टर आणि देवघेव रजिस्टर आहेच, शिवाय सात-आठ वर्षांपासून एक्सेल. त्या एक्सेलचं काय झालंय ते दाखवते. एका ओळीत सभासदाचं नाव, फोन, पुस्तक, लेखक, नेल्याची तारीख, परतीची तारीख. परवा 'व. पु. काळे' शोधले तर अकरा पुस्तकं. 'वपु काळे' शोधले तर आणखी सहा. 'काळे व.पु.' म्हणून चार. एका सभासदाचा फोन बदलला, तर तो किती ओळींत बदलायचा हेच कळेना.

मध्ये एकाने सॉफ्टवेअर करून दिलं होतं. त्याचा कॉम्प्युटर बिघडला, डेटा गेला, माणूस फोन उचलत नाही. तेव्हा ठरवलं की आता स्वतः शिकायचं.

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याने 'कोर्थ' हे डेटाबेसचं पाठ्यपुस्तक आणून दिलं (सातवी आवृत्ती). उशाला घ्यावं एवढं जाड. पहिलं प्रकरण नीट समजलं. दुसऱ्यात सिग्मा आणि पाय ही ग्रीक चिन्हं आली आणि मी पुस्तक मिटलं. भाच्याचा मित्र म्हणतो नवाथ्यांचं पुस्तक घ्या. आमच्या अध्यक्षांचा मुलगा म्हणतो डेट नावाच्या लेखकाचं पुस्तक वाचल्याशिवाय काही खरं नाही. मला इंजिनिअर व्हायचं नाहीये. इंग्रजी वाचते, पण सावकाश. एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं?

---

थेट_व्हिडिओ

ताई, पुस्तक कशाला? यूट्यूबवर 'एसक्यूएल चार तासांत' बघा (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा), दोन रविवारांत काम फत्ते. तेराशे पानं वाचायला वेळ कोणाकडे आहे?

---

टीई_कॉम्प

आमच्याकडे सगळे लोकल ऑथरचं पुस्तक घेतात, शेवटच्या आठवड्यात वाचलं तरी पास. पण मावशींना (तुमच्या भाच्याच्या वयाचा आहे म्हणून मावशी) त्याचा उपयोग नाही. त्यात 'नॉर्मलायझेशनचे फायदे, ५ गुण' असं असतं. काम कसं करायचं ते नसतं.

---

निवांत_नाना

वाचनखूण साठवली. मलाही सोसायटीचा मेंटेनन्स एक्सेलमधून बाहेर काढायचाय.

---

फळा_आणि_खडू

कावेरीताई, मी चौदा वर्षं हा विषय शिकवतेय, त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी पुस्तकांची ओळख. आपण ज्याला 'कोर्थ' म्हणतो त्याचे लेखक तिघे : सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन. त्यातले सुदर्शन आपल्या पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक. पहिली आवृत्ती १९८६ची, तुमच्या हातात आहे ती २०१९ची. 'नवाथे' म्हणजे एल्मासरी आणि शामकांत नवाथे. हे आडनाव आपल्याकडचं, माणूस अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये. दोन्ही पुस्तकं पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली आहेत, पण त्यांची वाट वेगळी आहे.

कोर्थ तुम्हाला आधी टेबलं देतं (एका विद्यापीठाची : विभाग, शिक्षक, विद्यार्थी, विषय), त्यांच्यावर एसक्यूएल चालवायला लावतं, आणि मग सहाव्या-सातव्या प्रकरणात सांगतं की अशी टेबलं मुळात बेतायची कशी. नवाथेची सातवी आवृत्ती बरोबर उलटी चालते. तिसऱ्याच प्रकरणात ईआर आकृती, म्हणजे कागदावर आधी वस्तू आणि त्यांची नाती. एसक्यूएल नंतर. त्यांचं उदाहरण एका कंपनीचं आहे, कर्मचारी, विभाग, प्रकल्प, कोण कुठल्या प्रकल्पावर किती तास.

तुमची अडचण काय आहे? एसक्यूएल येत नाही ही नंतरची. पहिली अडचण ही की एका एक्सेलच्या ओळीत चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात आणि त्या सुट्या कशा करायच्या ते उमगत नाहीये. म्हणून शिकवताना मी कोर्थ वापरत असले तरी तुम्हाला मी नवाथेतलं ईआरचं ते एक प्रकरण आधी वाचायला सांगेन. विकत नका घेऊ. भाच्याच्या कॉलेजच्या लायब्ररीत असणारच, तेवढंच प्रकरण आणवून घ्या. बाकी कोर्थ आहेच हातात.

आणि सिग्मा-पायला घाबरू नका. सिग्मा म्हणजे ओळी गाळून घेणं, पाय म्हणजे फक्त हवे ते रकाने ठेवणं. 'ज्यांची वर्गणी थकली आहे अशा सभासदांची फक्त नावं द्या' असं अध्यक्ष म्हणतात तेव्हा ते एक सिग्मा आणि एक पायच बोलत असतात. आधीच्या आवृत्तीत ही चिन्हं सविस्तर सहाव्या प्रकरणात होती, सातव्या आवृत्तीत दुसऱ्यातच आणली. विद्यार्थी तिथेच गळतात. तुम्ही तो भाग सोडून थेट तिसऱ्यावर जा.

---

जुनाट_माणूस

डेटचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी सहकारी संस्थेत डीबेस आणि फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर केस पांढरे केले. डेटचं पुस्तक १९७५पासून निघतंय, आठवी आणि शेवटची आवृत्ती २००३ची. त्यात पुरवठादार आणि सुटे भाग ही दोनच-तीन टेबलं घेऊन हा गृहस्थ हजार पानं तुमच्याशी वाद घालतो. एसक्यूएलवर त्याचा राग आहे, नल (रकान्यात काय आहे ते माहीत नसल्याची खूण) या प्रकारावर तर फारच. उदाहरणंसुद्धा बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या ट्युटोरियल डी नावाच्या भाषेत देतो. वाचायला मजा येते, डोकं साफ होतं. पण हे दुसरं पुस्तक आहे, पहिलं नाही. आधी चार वर्षं ठेचा खा, मग त्याचा राग का आहे ते समजेल.

अवांतर : या सगळ्याचं मूळ म्हणजे टेड कॉडचा १९७०चा निबंध. अवघी अकरा पानं. त्याच्या आधी आयबीएमचं आयएमएस होतं, अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांच्या याद्या ठेवण्यासाठी केलेलं. त्यात माहिती झाडासारखी रचलेली असायची आणि हवी ती नोंद गाठायला कुठल्या फांदीवरून उतरायचं ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सांगायचं. कॉड म्हणाला, काय हवं ते सांगा, कसं आणायचं ते यंत्र बघेल. आज हे ऐकायला साधं वाटतं.

---

थेट_व्हिडिओ

कॉड, अपोलो… ताईंनी पुस्तक विचारलं, तुम्ही जिलब्या पाडताय.

---

जुनाट_माणूस

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

डब्लिनकर

जुनाटरावांनी काढून टाकलं ते मी वाचलं होतं. बरं केलंत जुनाटराव.

व्हिडिओवाल्यांशी मी अर्धा सहमत आहे. मी गेली अकरा वर्षं पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस सांभाळतो, पोट त्याच्यावरच आहे. मुलाखती घेतो तेव्हा चार तासांत एसक्यूएल शिकलेले पुष्कळ भेटतात. सिलेक्ट, जॉइन या आज्ञा येतात. पण 'ही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) सकाळी चालते आणि महिनाअखेरीला का रखडते?' विचारलं की गप्प. व्हिडिओत गाडी चालवायला शिकवतात, बॉनेट उघडत नाहीत.

तरीही ताईंनी आज बॉनेट उघडायचं कारण नाही. माझा सल्ला असा :

एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस प्रोग्रॅम उतरवून घ्या. फुकट आहे, सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये बसतो. पेन ड्राइव्हवर कॉपी केली की बॅकअप झाला (कॉपी करताना प्रोग्रॅम बंद ठेवा). तुमच्या फोनमध्येही तोच आहे, ढीगभर ॲप्स त्याच्यावर चालतात. मग कोर्थमधलं विद्यापीठ बाजूला ठेवा आणि प्रत्येक उदाहरण तुमच्या वाचनालयावर करून बघा. तिसरं आणि चौथं प्रकरण असं केलंत की पुढचं आपोआप सुचेल.

क्लेपमनचं रानडुकराच्या चित्राचं पुस्तक इथे कोणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो : उत्तम आहे, मी दोनदा वाचलंय, पण ते दहा सर्व्हरवर डेटा पसरलेल्यांसाठी. एका टेबलावरच्या एका कॉम्प्युटरला त्याची गरज नाही.

---

टीई_कॉम्प

मी तेच सुचवणार होतो.

---

बांधणीकार

मी मुंबईत ग्रंथपाल आहे, कॉलेजात. ताई, हे सगळं स्वतः करण्यापेक्षा कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर का बसवत नाही? न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनवलेलं, २०००च्या सुरुवातीपासून वापरात आहे, मुक्तस्रोत आहे. सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालयही आहे. चाक पुन्हा कशाला घडवायचं?

---

कावेरी_वाचनालय

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

बांधणीकार, कोहा बसवायला माणूस लागेल आणि तो पुन्हा फोन उचलणार नाही. शिवाय खरं सांगू का, मला शिकायचंच आहे. संध्याकाळी सहानंतर वाचनालयात फक्त वर्तमानपत्रवाले काका असतात, वेळ असतो.

फळाताई, भाच्याने नवाथेतलं ते प्रकरण आणलं. वाचून वहीत आकृती काढली. चार चौकोन झाले : सभासद, पुस्तक, लेखक, देवघेव. बरोबर आहे का?

---

बांधणीकार

शिकायचंच असेल तर मागे घेतो. मग कोहाचा उपयोग नमुना म्हणून करा. तिच्या टेबलांत बिब्लिओ वेगळं आहे आणि आयटम्स वेगळं आहे. का असेल?

---

फळा_आणि_खडू

बांधणीकारांनी माझा प्रश्न चोरला. ताई, 'मृत्युंजय'च्या तुमच्याकडे किती प्रती आहेत?

---

कावेरी_वाचनालय

चार. एक फाटकी, बाइंडिंगला.

अच्छा. सभासद 'मृत्युंजय' नेत नाही. दाखल क्रमांक ५२१८ची प्रत नेतो!

आणि हे आम्ही रजिस्टरात वर्षानुवर्षं करतोय. प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक. एक्सेलमध्ये आल्यावर विसरलो.

---

फळा_आणि_खडू

बघा, हे तुम्हाला कुठल्याच पुस्तकात वाचून कळलं नसतं. आता पाच चौकोन झाले : सभासद, पुस्तक, प्रत, लेखक, देवघेव. सहावा लपलाय. एका पुस्तकाला दोन लेखक असतात, संपादक आणि अनुवादक असतात, आणि एका लेखकाची अनेक पुस्तकं असतात. अशा दुहेरी अनेक-अनेक नात्याला मधे स्वतःचं टेबल लागतं. कोण, कुठल्या पुस्तकाचा, कोणत्या नात्याने.

आता कोर्थचं सातवं प्रकरण उघडा, नॉर्मलायझेशन, म्हणजे कोंबलेलं टेबल नीट सुटं करणं. त्यातली बीसीएनएफची (टेबल नीट सुटं झालं का ते तपासायचा नियम) व्याख्या दोनदा वाचून समजली नाही तर पुढे जा, पण सुरुवातीचा भाग सोडू नका. तिथे एक वाईट टेबल दाखवलंय आणि त्यात एकच माहिती वारंवार लिहिल्याने काय होतं ते सांगितलंय. सभासदाचा फोन किती ओळींत बदलायचा, हा तुमचा पहिल्या दिवसाचा प्रश्न तोच.

---

निवांत_नाना

मी नुसता वाचत होतो, पण आज सोसायटीच्या एक्सेलमध्ये 'फ्लॅट' आणि 'मालक' वेगळे केले. एका मालकाचे दोन फ्लॅट निघाले आणि दोन्हीकडे त्याचं आडनाव वेगळं लिहिलेलं. चालू द्या.

---

कावेरी_वाचनालय

तीन आठवड्यांनी येतेय. एसक्यूलाइट चालू आहे. दोनशे प्रती, सगळे सभासद आणि या महिन्याची देवघेव टाकून झाली. तिसरं प्रकरण संपलं, चौथं चालू आहे.

पण एक विचित्र प्रकार झालाय. ज्यांनी या महिन्यात एकही पुस्तक नेलं नाही त्यांना फोन करायचे म्हणून यादी काढायची होती. क्वेरी अशी : सभासद टेबलातून नावं, जिथे सभासद क्रमांक 'नॉट इन' देवघेवीतले सभासद क्रमांक. चालवली, एकही ओळ नाही. असं होणं शक्य नाही, निम्मे लोक फिरकलेलेच नाहीत. एररही येत नाही. गेल्या शुक्रवारी हीच क्वेरी बरोबर चालत होती.

---

थेट_व्हिडिओ

टायपो असेल. क्वेरी इथे टाका.

---

डब्लिनकर

टायपो नाही. ताई, देवघेवीत शुक्रवारनंतर अशी एखादी नोंद झाली का, जिच्यात सभासद क्रमांक रिकामा आहे?

---

कावेरी_वाचनालय

हो! 'मृत्युंजय' बाइंडरकडे गेलं. तो सभासद नाही, म्हणून रिकामं ठेवलं. पण एका ओळीने साडेसहाशे लोक गायब?

---

फळा_आणि_खडू

हाच तो जुनाट माणसांच्या डेटचा राग. आता नीट सांगते.

नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी जागाही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. आता डेटाबेसच्या जागी स्वतः बसा. देवघेवीतल्या सभासदांची यादी आहे : ७, १९, माहीत नाही. मी विचारते, सभासद ४२ या यादीत नाही ना? तुम्ही म्हणाल, ७ म्हणजे ४२ नव्हे, १९ म्हणजे ४२ नव्हे, तिसरा कोण ते ठाऊक नाही. तो ४२ असूही शकेल. मग 'नाही' असं छातीठोक कसं सांगणार? उत्तर 'माहीत नाही'. आणि व्हेअर (तुमच्या क्वेरीतलं 'जिथे') फक्त 'खरं' ठरलेल्या ओळींनाच पुढे सोडतो. 'माहीत नाही'वाल्यांना तो 'खोटं'वाल्यांबरोबरच दारात अडवतो. म्हणून सगळे सभासद बाद. एसक्यूएलला दोन नव्हे, तीन सत्यमूल्यं आहेत.

उपाय : 'नॉट इन'च्या जागी 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा. तो विचारतो, 'या सभासदाची अशी एखादी नोंद सापडते का?' आणि नलवाली नोंद कोणाशीच जुळत नाही, म्हणून आडवी येत नाही. त्याहून चांगलं म्हणजे बाइंडरला देवघेवीत घालूच नका, ती वेगळी गोष्ट आहे. मग देवघेवीच्या सभासद क्रमांकावर 'नॉट नल' लावून टाका, दारच बंद.

कोर्थच्या तिसऱ्या प्रकरणात नलवर एक छोटा भाग आहे. तुम्ही वाचलाही असेल. आता परत वाचा.

---

कावेरी_वाचनालय

वाचला होता. पेन्सिलने खूणही केली होती 'सोपं'.

---

जुनाट_माणूस

मी काही बोलत नाही.

---

थेट_व्हिडिओ

हे मलाही माहीत नव्हतं. ऑफिसच्या एका रिपोर्टमध्ये 'नॉट इन' आहे, आत्ता जाऊन बघून आलो. प्रामाणिकपणे सांगतो, इनो घेतोय.

---

डब्लिनकर

एसक्यूलाइट मीच गळ्यात मारलं, तेव्हा त्याच्या खोड्या सांगणं माझं काम. कुठल्याही पाठ्यपुस्तकात या नीटशा मिळणार नाहीत, कारण पुस्तकं सगळ्यांना लागू पडेल ते सांगतात.

एक, फॉरिन की (हा क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे, ही अट) लिहिलीत तरी एसक्यूलाइट ती सहसा पाळत नाही. दर वेळी जोडणी उघडल्यावर प्रॅग्मा नावाची आज्ञा देऊन चालू करावी लागते. नाहीतर अस्तित्वात नसलेल्या सभासदाला पुस्तक देऊन मोकळा.

दोन, रकाना आकड्यांचा आहे असं सांगितलं तरी त्यात अक्षरं घेतो, कुरकुरत नाही. २०२१पासून टेबल 'स्ट्रिक्ट' करायची सोय आलीय, ती वापरा. आणि आकडे देवनागरीत टाकू नका हां. '४२' आपल्याला बेचाळीस दिसतात, त्याला ती दोन अक्षरं दिसतात.

तीन, तुमच्या मजेची. लेखकांची यादी अकारविल्हे लावून बघा. काळे आणि काशीद, कोण आधी येतं?

---

कावेरी_वाचनालय

काळे आधी येतात. पण वर्णमालेत ळ तर ह नंतर. आमच्या कार्ड कपाटात काशीद आधी, काळे नंतर असतात.

---

डब्लिनकर

बरोबर. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय, आणि एसक्यूलाइट मुळात बाइट्स बघून क्रम लावतो. पोस्टग्रेसमध्ये मराठीची कोलेशन (अक्षरांचा क्रम) निवडली की ळ आपल्या जागी जातो. चौदा हजार पुस्तकांची छापील सूची काढायची असेल तेव्हा पोस्टग्रेसकडे या. तोपर्यंत काळ्यांना मान द्या.

---

टीई_कॉम्प

मावशींनी कार्ड कपाट म्हटलं म्हणून विचारतो. इंडेक्स म्हणजे नेमकं तेच ना? आम्हाला थेट बी-प्लस ट्री (इंडेक्सची झाडासारखी रचना) काढायला लावतात, नोड म्हणजे त्याचे गठ्ठे फोडायचे वगैरे. दहा मार्कांना आहे. पण ते आहे कशासाठी ते कोणी सांगितलं नाही.

---

बांधणीकार

तेच ते. पुस्तकं कपाटात एकाच क्रमाने लावता येतात. म्हणून कार्डांचे वेगळे खण : लेखकाचा, नावाचा, विषयाचा. कार्डावर पुस्तक नसतं, ते कुठे आहे एवढंच असतं. आणि याची किंमत कोण देतं? मी. दर नव्या पुस्तकामागे तीन कार्डं हाताने लिहायची आणि तिन्ही खणांत योग्य जागी खोचायची. पुस्तक रद्द झालं की तीन कार्डं काढायची. म्हणून कोणी म्हणालं 'प्रकाशकाचाही खण करू', की मी विचारायचो, प्रकाशकावरून शोधतंय कोण?

---

डब्लिनकर

हे मी आमच्या ऑफिसात भाषांतर करून सांगणार आहे. आमच्या एका टेबलावर सतरा इंडेक्स आहेत.

टीई, बी-प्लसचा हिशेब असा बघ. एका नोडमध्ये दोनशे नोंदी मावतात धर. एक पायरी उतरलास की दोनशे, दोन पायऱ्या चाळीस हजार, तीन पायऱ्या ऐंशी लाख, चार पायऱ्या एकशे साठ कोटी. म्हणजे भारतभरच्या माणसांतून एक जण शोधायला चार पानं उलटायची. झाड उंच न वाढता रुंद वाढतं, कारण डिस्कवरून एक पान आणणं महाग, आणलेल्या पानात शोधणं स्वस्त. नोड फोडण्याची ती सगळी कसरत झाड बुटकं ठेवण्यासाठी. कोर्थचं चौदावं प्रकरण. तुझ्या गेट परीक्षेला पण येईल.

---

फळा_आणि_खडू

टीई, तू व्हिडिओ बघणारा दिसतोस, तर खरगपूर आयआयटीचा, पार्थ प्रतिम दास सरांचा एनपीटीईएलवरचा (आयआयटींचे ऑनलाइन वर्ग) अभ्यासक्रम बघ, तो कोर्थ धरूनच चालतो. कार्नेगी मेलनचे अँडी पावलो यांची व्याख्यानंही खुली आहेत, पण ती डेटाबेस *बनवणाऱ्यांसाठी*. गायवालं पुस्तक (रामकृष्णन–गेर्के, मुखपृष्ठावर गाई आहेत) कोणाकडे जुनं मिळालं तर त्यातले खलाशी आणि होड्यांवरचे एसक्यूएलचे प्रश्न सोडव, सरावाला झकास. फक्त आवृत्ती २००२च्या सुमाराची, त्यानंतरचं त्यात काही नाही.

---

निवांत_नाना

माझाही एक प्रश्न. ताई, एकच प्रत दोन काउंटरवरून एकाच वेळी दोघांना दिली गेली तर?

---

कावेरी_वाचनालय

आमच्याकडे एकच काउंटर आहे नाना. पण चुकून होऊ शकतं, परतीची नोंद न करता पुढच्याला देणं, हे तर होतंच. मी युनिक लावून बघितलं : प्रत आणि परतीची तारीख, ही जोडी दोनदा येता कामा नये. परत न आलेल्याची तारीख नल. तरी दोनदा घेतलं त्याने. आणि या वेळी मला कळलं का ते! दोन 'माहीत नाही' एकसारखे आहेत हे त्याला माहीत नाही.

---

फळा_आणि_खडू

ताई, माझ्या वर्गात या म्हणजे झालं.

उपाय आहे : युनिक इंडेक्स, पण फक्त परतीची तारीख नल असलेल्या ओळींपुरता, नुसत्या प्रत क्रमांकावर. याला पार्शल इंडेक्स म्हणतात. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस दोघांत आहे, मायएसक्यूएलमध्ये नाही. मग बाहेर असलेल्या प्रतीची दुसरी नोंद होणारच नाही, काउंटर एक असो की दहा. नानांच्या दोन काउंटरची खरी गोष्ट सतराव्या-अठराव्या प्रकरणात आहे, ट्रॅन्झॅक्शन. ती दिवाळीनंतर.

---

बांधणीकार

कोहात वेगळी युक्ती आहे. परत आलेली देवघेव दुसऱ्याच टेबलात हलवतात. चालू ती इकडे, जुनी ती तिकडे.

---

कावेरी_वाचनालय

धागा वर काढतेय. दोन महिने झाले. पुस्तकाचं विचारलं होतं म्हणून आधी तो हिशेब : कोर्थची १, ३, ४, ६ आणि ७ ही प्रकरणं झाली, चौदावं अर्धं. दुसरं परत उघडलं तर सिग्मा-पाय दहा मिनिटांत समजले, तेव्हा का अडले कोणास ठाऊक. नवाथेचं एकच प्रकरण वाचलं, पण ते नसतं तर बाकीचं सुरूच झालं नसतं. डेट अध्यक्षांच्या मुलाकडून आणून ठेवलंय, नलचा भाग फक्त वाचला आणि एकटीच हसले.

आता नवीन अडचण. दाखल क्रमांक हीच प्रतीची प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) केली होती, पूर्णांक. साडेचार हजार प्रती टाकून झाल्या आणि काल ३१०७ घेईना. म्हणतो, हा आहे. रजिस्टर काढलं. १९८७ साली एकाच दिवशी दोन पुस्तकांना ३१०७ पडलाय आणि नंतर कोणीतरी लाल शाईने एकापुढे 'अ' लिहिलाय. तो 'अ' टाकायला गेले तर तेही घेईना.

---

जुनाट_माणूस

माणसाने दिलेला क्रमांक कधी प्रायमरी की करू नये. प्रतीला आतून एक मुका आकडा द्या, जो रजिस्टरात नाही, शिक्क्यात नाही, कोणाला दिसत नाही. दाखल क्रमांक हा साधा मजकुराचा रकाना, युनिक लावून. मग '३१०७ अ' सुखाने राहील. संस्थेत आमचे खाते क्रमांक असेच होते, '१२/ब', '१२/ब जुना'. मी फॉक्सप्रोमध्ये तीन वर्षं भोगलंय.

---

डब्लिनकर

जुनाटराव, हे तुमच्या त्या प्रकाटाआपेक्षा बरं आहे. ताई, टेबल बदलण्याआधी फाइलची कॉपी करा.

---

कावेरी_वाचनालय

कॉपी केली. बदललं. घेतलं.

३१०७ म्हणजे एका कादंबरीची प्रत, ती २००५च्या पुरात गेली. '३१०७ अ' म्हणजे 'किशोर'चे बांधीव अंक. यादीत कधीच दिसत नव्हते, म्हणून हरवले समजलो होतो. बालविभागाच्या वरच्या फळीवर निघाले, धुळीत, पण धड आहेत.